मिनिटाला एक्केचाळीस चित्रं

आईचे कान टीबीच्या उपचारात गेले. रोज एक याप्रमाणे नव्वद इंजेक्शनं झाली. टीबी पूर्ण बरा झाला, आणि त्याच तीन महिन्यांत ऐकू येणं कमी होत होत थांबलं. डॉक्टरांनी ही शक्यता आधीच सांगितली होती आणि आम्ही होकार दिला होता, त्यामुळे तक्रार कुणाविरुद्धच नव्हती. काष्टीजवळच्या वस्तीवर ती एकटी राहत होती. मी तिला नगरला सावेडीत माझ्याकडे आणलं.

वर्षभरात ती ओठांवरून बोलणं ओळखायला शिकली. माझ्या बायकोचं तिला जवळजवळ सगळं कळे, माझं निम्मं. "तू मिशीत बोलतोस," असं तिचं म्हणणं होतं. मी मिशी काढली, तरी फारसा फरक पडला नाही. मग मी तिच्याशी पाटीवर लिहून बोलू लागलो. चौथीपर्यंत शिकलेली असल्याने मोठं अक्षर ती सहज वाचायची.

अडचण फोनची होती. माझी धाकटी बहीण लग्नानंतर कॅलिफोर्नियात गेली होती. दर रविवारी सकाळी साडेसातला तिचा फोन यायचा. तिथे तेव्हा शनिवारचे संध्याकाळचे सहा, उन्हाळ्यात सात वाजलेले असत. ती बोलायची, मी ऐकायचो आणि आईसाठी पाटीवर लिहायचो. आई उत्तर द्यायची, ते बहीण थेट ऐकायची. म्हणजे एका बाजूने रस्ता मोकळा होता आणि दुसऱ्या बाजूने माझ्या हातून जात होता.

नव्याण्णवच्या मार्चमधल्या एका रविवारी बहीण मला म्हणाली, "दादा, आता बोलते ते पाटीवर लिहू नकोस."

तिला दिवस गेले होते, बारावा आठवडा होता. आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं होतं, हेही मला तेव्हाच कळलं. या खेपेस डॉक्टरांनी तिला जास्तीत जास्त पडून राहायला सांगितलं होतं. नवरा कामासाठी आठवड्यातले चार दिवस दुसऱ्या गावी असे.

"आईला सांगितलं तर ती यायचा हट्ट धरेल," बहीण म्हणाली. "बहिरी बाई, इंग्रजी येत नाही, दोन विमानं बदलायची. कशी येणार? नुसती झुरेल तिथे बसून."

मला ते पटलं. आई समोर पाटीकडे बघत बसली होती. मी लिहिलं, 'सगळं ठीक आहे.'

मी एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी विभागात काम करत असे. केसाच्या जाडीएवढा फरक असला तरी नग परत पाठवायचा, ही माझी नोकरी. ते वाक्य मात्र मी पास केलं. पुढच्या रविवारी पुन्हा पास केलं, आणि त्याच्या पुढच्याही.

चौथ्या रविवारी आईने पाटी बाजूला सारली.

"तू मला निम्मं सांगतोस," ती म्हणाली. बहिरी झाल्यापासून तिचा आवाज मोठा झाला होता. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असणार. "ती तिकडं धा मिंटं बोलती आन् तू दोन वळी लिव्हतो. बाकीचं कुठं जातं?"

मी लिहिलं, 'पत्र लिहायला सांगतो.'

"पत्र नगं. पत्रात मानूस इचार करून लिव्हतं. मला तिचं त्वांड बघायचंय. बोलताना बघायचंय."

"आई, ते कसं जमेल?" बायको म्हणाली.

आईने माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. "ह्यो टीव्हीवानी डबा कशाला आनलाय मग?"

तो मी मुलीच्या अभ्यासासाठी घेतला होता. केबलवरचे कार्यक्रम दिसावेत म्हणून त्यात टीव्हीचं कार्डही बसवून घेतलं होतं. इंटरनेट होतं, पण टेलिफोनच्या तारेवरून. ते चालू असलं की फोन बंद. बहिणीच्या कॉम्प्युटरला कॅमेरा होता. तिलाही आई दिसावी म्हणून इथेही एक हवा होता, आणि कॉम्प्युटरवर बसवायचा कॅमेरा नगरच्या दुकानदाराने तोवर स्वतःही पाहिला नव्हता. पण मेव्हण्याने दिवाळीत एका मित्राबरोबर फोटो काढायचा डिजिटल कॅमेरा पाठवला होता. फोटो टीव्हीवर बघता यावेत म्हणून त्याच्यासोबत पिवळ्या टोकाची एक वायर होती. माझ्या टीव्ही कार्डाच्या मागेही एक पिवळं भोक होतं. त्या दिवशी दुपारी मी ते दोन्ही समोरासमोर धरून पाहिले. टोक बसलं.

इथे एक गोष्ट कबूल करतो. बहिणीला मी हे कळवलं तेव्हा आम्हा दोघांचा हिशेब एकच होता. चित्र लहान, त्यात फक्त चेहरा दिसणार. चेहरा बघून आईचं समाधान होईल आणि बाकीचं झाकलेलं राहील. मी कॅमेऱ्याच्या मागे लागलो तो आईसाठी, हे खरं. पण माझी दोन ओळींची पाटी खरी ठरावी म्हणूनही.

कारखान्यात आम्ही एक नियम पाळायचो: एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याची नोंद ठेवायची. घरीही मी शंभर पानी वही घातली. पहिली नोंद अशी होती: चित्र येते, पण काळे-पांढरे, आणि खालून वर फिरत राहते. तीन दिवसांनी कारण सापडलं. कॅमेरा अमेरिकेतल्या टीव्हीच्या पद्धतीने चित्र पाठवत होता, आणि कार्ड आपल्याकडच्या पद्धतीची वाट बघत होतं. कार्डाची सेटिंग बदलली तसे रंग आले. दुसरी नोंद: तीन मिनिटांनी कॅमेरा आपोआप झोपतो. त्याला जागं ठेवायची सोय त्याच्या पुस्तकात एकसष्टाव्या पानावर निघाली. तिसरी: पेन्सिल सेल पस्तीस मिनिटं टिकतात. सोबत आलेला अडॅप्टर एकशे वीस व्होल्टचा होता. मी लेबल वाचल्याशिवाय काही खोचत नाही, म्हणून तो वाचला. मी सेलवरच भागवलं.

दोन आठवड्यांनी, जोडणीच्या पहिल्या रविवारी, पडद्याच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढ्या चौकटीत बहीण दिसली. आई खुर्चीवरून अर्धी उठली. "वाळली," हा तिचा पहिला शब्द.

स्पीकरमधून बहिणीचा आवाज तुटत तुटत आला. "दादा… आईच्या… कपाळावर अठरा का लिहिलंय?"

कॅमेऱ्यात अजून किती फोटो मावतील तो आकडा चित्रातही जात होता. बायको हसून भिंतीला टेकली. "अहो, तपासणीचा शिक्का मारलात की काय सासूबाईंना?" मी बटण शोधून आकडा घालवला.

पण खरी अडचण वेगळी होती. बहीण बोलत होती आणि आई पडद्याला नाक लावून बघत होती. पाच मिनिटांनी ती मागे सरली.

"त्वांड उघडं दिसतं, मग मिटल्यालं दिसतं," ती म्हणाली. "मधलं कुठं गेलं?"

मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा चित्रं येत होती. बायको नेहमीच्या वेगाने एक वाक्य बोलली की तीन सेकंदांत पंधरा-सोळा अक्षरं होत. प्रत्येक अक्षराला ओठांची निदान दोन चित्रं धरली तरी मिनिटाला सहाशे लागत होती.

पुढचे तीन रविवार मी त्या चौदांना वाढवण्यात घालवले. आईच्या मागे फुलाफुलांची सोलापुरी चादर होती. कॉम्प्युटर प्रत्येक फूल पुन्हा पुन्हा पाठवत बसायचा, आणि त्यात तिकडून येणारी चित्रं अडायची. तिच्या जागी कोरी पांढरी चादर लावली, सतरा झाली. खिडकी पाठीमागून समोर घेतली, म्हणजे खुर्चीच फिरवली. चेहरा उजळला, आकडा तोच राहिला. कॅमेरा चार पुस्तकांवर ठेवून चेहऱ्याच्या उंचीला आणला. खुर्ची हलू नये म्हणून तिच्या चारही पायांभोवती फरशीवर खडूने खुणा केल्या. कॅमेऱ्यापासून चार फूट. चित्रात फक्त चेहरा आणि खांदे.

बहिणीने कागदावर जाड अक्षरात लिहून धरून पाहिलं. त्या एवढ्याशा चौकटीत 'आई' वाचता आलं, त्याहून लांब शब्दाचा नुसता काळा पट्टा होई.

मोठा फायदा झाला तो बायकोने विचारलेल्या एका प्रश्नाने. "ज्यांच्यासाठी चाललंय त्यांना ऐकू येत नाही. मग आवाज कशाला पाठवताय?"

मी आवाज बंद केला. सगळी तार चित्राला मोकळी झाली. मिनिटाला एक्केचाळीस. बोलायचं ते बहीण टाइप करी, रोमन अक्षरांत, आणि ते आईला वाचता येत नसे. म्हणजे फिरून पाटी माझ्याकडेच आली. आणि एक्केचाळीस म्हणजे सहाशेचा जेमतेम पंधरावा हिस्सा. अजून काही बदलण्यासारखं वहीत उरलं नव्हतं.

पाचव्या रविवारी आई सातलाच येऊन बसली. अंघोळ झालेली, केस विंचरलेले. बायको म्हणाली, "आई, आज नसतं जमलं तर नका वाईट वाटून घेऊ."

"जमंल," आई म्हणाली.

सात छत्तीसला बहीण दिसली. हसली, म्हणजे एका चित्रात हसत नव्हती आणि पुढच्यात हसत होती. तिने टाइप केलं की सगळं ठीक आहे, जेवण झालंय, हवा छान आहे. मी ते पाटीवर उतरवून आईसमोर धरलं. तिने पाटीकडे बघितलंच नाही. ती पडद्याकडे बघत होती, आणि मग तिने उजवा हात सरळ वर केला. बाही कोपरापर्यंत घसरली. हात तसाच ठेवला, न हलवता.

मला वाटलं तिला काही हवंय. चित्रात तर तिचा हात मनगटाखालीच कापला जात होता. हे तिलाही आमच्या बाजूच्या चौकटीत दिसलं. ती उठली, एका हाताने खुर्ची धरली आणि मागे ओढली. खडूच्या चारही खुणा फरफटल्या. सात फुटांवर, भिंतीला टेकून ती उभी राहिली आणि पुन्हा हात वर धरला.

"आई, कॅमेरा लांब पडतो," मी म्हणालो, पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

"इंजन चालू असलं की हाक ऐकू जायाची न्हाई," ती पडद्याकडे बघतच सांगू लागली. "मी हिरीवर इंजनापाशी, ह्यी तिकडं दारं धरायला. चारशे फूट. तवा आसं करायचो आमी."

हे मला ठाऊक नव्हतं. मी पाचवीपासून नगरला बोर्डिंगात होतो. वडील गेल्यावर उसाला पाणी देण्याचं काम या दोघींनीच केलं. आई विहिरीवरचं इंजिन सांभाळायची आणि बहीण, तेव्हा अकरा-बारा वर्षांची, शेताच्या टोकाला फावड्याने सऱ्यांची तोंडं उघडायची नि बुजवायची. इंजिनाच्या धडधडीत दोघी सारख्याच बहिऱ्या. म्हणून हाताच्या खुणा. एक हात वर म्हणजे, कसं चाललंय? उलट तोच हात वर आला तर, ठीक आहे, चालू दे. आणि नियम असा की समोरच्याने उत्तर दिल्याशिवाय हात खाली घ्यायचा नाही. ऊस उंच असतो, मधे झाडं असतात. समोरचा कधी बघेल सांगता येत नाही. म्हणून खूण धरून ठेवायची.

धरून ठेवलेल्या हाताला मिनिटाला एक्केचाळीस चित्रं भरपूर झाली असती. चार झाली असती तरी पुरे. मी ओठांच्या मागे लागून पाच रविवार घालवले होते.

पडद्यावर बहिणीचा चेहरा तीन-चार चित्रं तसाच राहिला. मग तिने उजवा हात वर केला. ठीक आहे, चालू दे.

आईने हात खाली घेतला नाही.

"झालं की आई, ठीक म्हणाली ती," बायको समोर येऊन ओठ स्पष्ट हलवत म्हणाली.

"तिचं कोपर वाकल्यालं हाय," आई म्हणाली. "खरं आसल तवा ती हात ताठ धरती. मी फिरून इचारती."

त्या बाजूचा हातही चौकटीबाहेर जात होता. आईने डाव्या हाताने मागे सरकायची खूण केली. मला बहिणीला टाइप करून थांबवता आलं असतं. तिला उभं राहायला मनाई होती, हे कारणही खरं होतं. बोटं कळफलकावर होती. मी ती उचलून घेतली.

बहीण उठली. पुढच्या चित्रात ती दोन पावलं मागे गेलेली, त्याच्या पुढच्यात पलंगाशी. सैल गाऊन घातलेला होता, तरी एकविसावा आठवडा लपत नाही. आईचा हात वरच होता. मग बहिणीने दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत आडवे पसरले आणि तसेच धरले. एक चित्र, दुसरं, तिसरं. हात तिथेच.

"ह्याचा अर्थ काय?" बायकोने विचारलं.

"ये," आई म्हणाली. "बांध फुटला, पानी आवरत न्हाई, मला एकटीला जमत न्हाई, ये."

नऊ रविवार बहीण मला सांगत होती की आईने यायची गरज नाही. मला दर वेळी ते खरं वाटलं होतं. तिला स्वतःलाही ते खरं वाटत असेल.

आईने आपले दोन्ही हात आडवे पसरले. समोरच्याची खूण त्याला परत केली की त्याचा अर्थ समजलं, येते. आणि त्याच क्षणी चित्र गोठलं. पडद्यावर सूचना आली: जोडणी तुटली.

मी पुन्हा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा. मोडेम किंचाळून गप्प झाला. मागे वळून बघितलं तर आई भिंतीशी हात पसरून तशीच उभी.

"आई, हात खाली घ्या. वेळ लागेल," बायको म्हणाली.

"तिला दिसलं का?"

बायकोने मान हलवली. माहीत नाही.

"मंग न्हाई घेत. तिला दिसलं न्हाई तर ती तशीच हुबी ऱ्हाईल तिकडं."

बायकोने चहा आणला. आईने मानेनेच नको म्हटलं. मग बायको तिच्या उजव्या हाताखाली जाऊन उभी राहिली आणि कोपर खालून सावरून धरलं. "डावा तुम्ही धरा," ती मला म्हणाली.

"मी नंबर लावतोय."

"एका हाताने लावा."

टेबल सात फुटांवर होतं, ते शक्य नव्हतं. मी नंबर लावत राहिलो. सात त्रेपन्नला लाइन तुटली होती. आठ वाजून चार मिनिटांनी लागली. अकरा मिनिटं. सहासष्ट वर्षांची बाई, फुप्फुसांत टीबीचे वण, आणि डावा हात एकदाही रेषेखाली गेला नव्हता.

चित्र वरून खाली उतरत आलं. बहीण पलंगाच्या कडेला बसली होती, पण हात पसरलेले होते. तिला आई दिसायला दोन चित्रं लागली असतील. तिचा चेहरा त्या अंतरावरून मला वाचता आला नाही. तिने हात खाली घेतले आणि तोंडावर ठेवले. आईने मग आपले खाली घेतले, आणि खुर्ची न बघता मागे बसली. बायकोने खुर्ची सरकवली म्हणून बरं.

बहिणीने टाइप केलं, 'दादा, आता सगळं सांग तिला.' हे मी पाटीवर उतरवलं नाही. त्याऐवजी पाटी पुसली आणि सांगण्यासारखं जे होतं ते लिहिलं: आदल्या वर्षीचं मूल, आताचे एकवीस आठवडे, पडून राहायचा सल्ला, नवऱ्याचे बाहेरगावचे चार दिवस. शेवटी लिहिलं, मला नऊ रविवारांपासून माहीत होतं.

आईने सगळं वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"नऊ," ती म्हणाली.

मी मान डोलावली.

"तिनं सांगू नगं म्हनली आसंल. ती तसलीच हाय. पन तू थोरला हाय." मग तिने पदराने पाटी स्वतः पुसली आणि माझ्यापुढे सरकवली. "पासपोर्टाला काय काय लागतं? समदं लिव्ह. निम्मं नगं."

मला जे माहीत होतं ते लिहिलं. फोटो, रेशनकार्ड, जन्माचा पुरावा. जन्माचा पुरावा कुठून आणायचा हे मला माहीत नव्हतं, तेही लिहिलं.

"काष्टीच्या शाळंत दाखला हाय माजा. चौथीचा."

'आज रविवार, त्यातून मे महिन्याची सुट्टी,' मी लिहिलं. 'शाळा बंद.'

"हेडमास्तर गावातच ऱ्हातो. त्याला सांगून ठिवू, म्हंजी उद्या शाळा उघडून दाखला दील." ती उठली आणि दंड चोळत पिशवी शोधू लागली. "चल. साडेनवाची यष्टी हाय."

साडेनवाची चुकली, कारण बायकोने तिला चहा प्यायल्याशिवाय सोडलं नाही. दहा वाजून दहा मिनिटांची मिळाली.